पक्ष्याच्या पायाला बांधलेलं खोटं

संग्रहालयांच्या कपाटांमध्ये पेंढा भरलेले हजारो पक्षी ओळीने उताणे ठेवलेले असतात. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर मोजक्या गोष्टी लिहिलेल्या असतात: पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, कुणी मारला. पक्षी स्वतः काही सांगू शकत नाही. पुढची शंभर-दोनशे वर्षं त्याच्याबद्दल जे बोललं जाणार, ते त्या चिठ्ठीच्या भरवशावर.

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या एका लहानशा घुबडाच्या पायाला अशीच चिठ्ठी होती. ठिकाण लिहिलं होतं तापीकाठचं मांडवी, म्हणजे गुजरात. वर्ष १९१४. पक्षी खरा होता, चिठ्ठी खोटी होती. ते घुबड मांडवीचं नव्हतं आणि १९१४ चंही नव्हतं. ते आपल्या खानदेशातलं होतं, आणि त्या चिठ्ठीतल्या वर्षाच्या सुमारे ३० वर्षं आधी, १८८० च्या दशकात मारलेलं होतं.

एका मेलेल्या पक्ष्याच्या पायावरचं हे दोन ओळींचं खोटं. त्यात कुणाचा जीव गेला नाही, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. मग अशा खोट्याने नेमकं कुणाचं काय जातं?

दिवसाढवळ्या बसणारं घुबड

या घुबडाचं नाव रानपिंगळा. गावातला पिंगळा आपल्या ओळखीचा असतो. वडाच्या ढोलीत नाहीतर पडक्या वाड्यात जोडीने राहणारा, तिन्हीसांजेला चिरचिर भांडणारा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला. रानपिंगळा त्याचा रानातला भाऊबंद. उंची तशीच वीतभर, पण डोकं मोठं आणि त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. चोच दांडगी, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. बसल्या जागी शेपटी झटकायची त्याला सवय आहे.

तो सातपुड्यातल्या सागाच्या विरळ, कोरड्या रानात राहतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ हे त्याचं खाणं. घरटं झाडाच्या ढोलीत, अंडी साधारण दोन. मादी अंडी उबवते, नर तिच्यासाठी शिकार आणतो. आणि मुख्य म्हणजे हे घुबड दिवसा वावरतं. हिवाळ्याच्या सकाळी पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर ते उघड्यावर ऊन खात बसतं.

थोडक्यात, हा पक्षी लपणारा नाही. तरीही पक्षीशास्त्राच्या लेखी तो ११३ वर्षं बेपत्ता होता.

त्याची पहिली शास्त्रीय नोंद १८७३ ची. ती केली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने. काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात शाळेत भेटतो तोच हा ह्यूम. पक्षी हे त्याचं मोठं वेड होतं. त्याच्याकडे आलेला नमुना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागातला होता. पुढे १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली.

त्यांतलंच एक चोरीला गेलं.

चोराची चिठ्ठी

रिचर्ड माइनरट्झहागन हा ब्रिटिश सैन्यातला कर्नल आणि त्या काळातला नामांकित पक्षीतज्ज्ञ. १९३७ मध्ये आपले सलीम अली त्याच्यासोबत अफगाणिस्तानच्या पक्षी-मोहिमेवर गेले होते, यावरून त्याचं वजन लक्षात यावं. आयुष्यभर जमवलेले सुमारे २०,००० पक्षी त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. १९६७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याबद्दल कुजबुज होती, पण किती खोटं आणि कुठे, हे कुणी तपासलेलं नव्हतं.

ते तपासलं गेलं १९९० च्या दशकात. पामेला रासमुसेन ही अमेरिकन संशोधक दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर काम करत होती. तिच्या लक्षात आलं, की माइनरट्झहागनच्या अनेक पक्ष्यांची भरण्याची पद्धत त्याची नाहीच. पक्ष्यात कापूस कसा भरायचा, टाके कसे घालायचे, याची प्रत्येकाची एक धाटणी असते, हस्ताक्षरासारखी. मांडवीच्या रानपिंगळ्याचं कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं, पण मूळ धाटणीच्या खुणा त्यात शिल्लक होत्या. ती धाटणी होती डेव्हिडसनची. माइनरट्झहागनने संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता, जुनी चिठ्ठी काढून स्वतःची बांधली होती, आणि आपला म्हणून तो पुन्हा संग्रहालयालाच दिला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं पुराव्यासकट छापलं.

दरम्यान सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी हा पक्षी शोधला होता आणि हात हलवत परत आले होते. शोधणाऱ्यांसमोर सर्वांत ताजी नोंद होती ती मांडवीची, कारण १९१४ हे १८८४ च्या पुढचं वर्ष. ताज्या पत्त्यावर आधी जायचं, हे कुणीही करेल.

रासमुसेनने तो पत्ता खोडला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत ती फक्त खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे निघाली. आधी पूर्वेकडचे पत्ते. तिथे काही मिळालं नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एका उघड्याबोडक्या झाडावर तो बसलेला दिसला. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. पुढच्या वर्षांत रानपिंगळा मेळघाटात, यावल अभयारण्यात, आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवलेली ही जात २०१८ मध्ये एक पायरी खाली, संकटग्रस्त यादीत आली.

पक्ष्याला काय फरक पडला?

आता मूळ प्रश्न. या खोट्याने रानपिंगळ्याचं काय बिघडलं? पहिलं उत्तर असं सुचतं: काहीच नाही. आपण ‘बेपत्ता’ आहोत हे त्याला माहीत नव्हतं. तो सरडे पकडत राहिला, पिल्लं वाढवत राहिला.

यावर म्हणता येईल, की पक्षी आहे हे माहीत असतं तर त्याचं रान जपता आलं असतं. मधल्या काळात सातपुड्यातला साग पुष्कळ तुटला. पण हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. पक्षी असल्याचं माहीत असूनही आपण रानं राखत नाही, याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. मांडवीची चिठ्ठी नसती तर सातपुडा हिरवागार राहिला असता, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

म्हणून नुकसान परिणामांत मोजायला गेलं की हिशेब लागत नाही. ते दुसरीकडे शोधायला हवं.

चिठ्ठीचं काम चालतं ते एका गोष्टीवर: वाचणाऱ्याला ती तपासता येत नाही. १९१४ मध्ये जाऊन बघता येत नाही. जिथे तपासायची सोय असते तिथे खोटं बोलणाऱ्यालाही थोडी जोखीम असते. आठवडी बाजारात वांगी ताजी आहेत म्हणून सांगणाऱ्याचं खोटं आपण वांगं दाबून पकडू शकतो. चिठ्ठी वाचणाऱ्याला ती सोय नाही. त्याने आपला शहाणपणा लिहिणाऱ्याच्या हवाली केलेला असतो. माइनरट्झहागनने घेतलं ते हे. अजून जन्मालाही न आलेल्या माणसांचा विश्वास त्याने खर्च केला.

त्याने आणखीही काही घेतलं. एक चिठ्ठी खोटी ठरल्यावर त्याच्या सगळ्याच पक्ष्यांवर संशय आला. त्यातल्या पुष्कळ नोंदी खऱ्याही असतील, पण त्यांचाही उपयोग गेला. आणि डेव्हिडसनचं काय? त्याने प्रामाणिकपणे लिहिलेला खानदेशचा पत्ता फाडला गेला. एक खोटं आत ठेवण्यासाठी एक खरं बाहेर काढावं लागलं. खोटं मोकळ्या जागेवर उभं राहतं असं आपल्याला वाटतं. बहुतेकदा ते कुणाच्या तरी खऱ्याची जागा घेतं.

चांगल्या हेतूचं खोटं

माइनरट्झहागनला दोषी ठरवणं सोपं आहे, कारण त्याला मोठेपणा हवा होता. हेतू चांगला असेल तर?

समजा, तुम्ही सातपुड्यात फिरायला गेलात. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यात रानपिंगळ्याचा फोटो मिळाला, तोही ढोलीच्या तोंडाशी बसलेल्या मादीचा. तो टाकायचा मोह होणारच. पण ठिकाण लिहिलं तर पुढच्या रविवारी दहा गाड्या तिथे उभ्या राहतील. कुणी आडव्या आलेल्या फांद्या तोडेल, कुणी मोबाइलवर त्याची हाक वाजवेल. शिवाय दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे असतात, त्यांनाही पत्ता आयता मिळेल. म्हणून कुणी पक्ष्याच्या भल्यासाठी फोटोखाली भलतंच गाव लिहितो. शहाद्याच्या पक्ष्याला मेळघाट.

हेतू उलटा, कृती मात्र माइनरट्झहागनचीच. चिठ्ठी बदलली.

अशा उपकारी खोट्याचं आपल्याकडे जुनं उदाहरण आहे. घुबडाला दगड मारू नये, असं घरची म्हातारी माणसं सांगतात. ते तो दगड नेऊन पाण्यात घासत बसतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजत जातो. या गोष्टीने किती पोरांच्या हातातले दगड खाली पडले असतील. पण तिच्यातून शिकायला मिळतं ते एवढंच, की घुबड हा भिण्याचा जीव आहे. ज्याला आपण भितो त्याला एखाद दिवस ठेचूनही टाकतो, किंवा त्याच्यात शक्ती आहे म्हणून त्याची नखं मांत्रिकाला नेऊन देतो. भीतीने वाचवलेला पक्षी भीतीच्याच तावडीत राहतो.

मग खरं ते सांगूनच टाकायचं का? महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं, कायम खरं बोलायचं. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक पळत येऊन त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपले. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकाला विचारलं. त्याने खरं सांगितलं. लोक मारले गेले, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला.

ढोलीचा नेमका पत्ता जगाला सांगणारा फोटोवाला हा आजचा कौशिक. ‘मी तर खरं तेच लिहिलं’ हा त्याचा बचाव पुरत नाही.

पण त्याच ठिकाणी कृष्ण जो क्रम सांगतो तो सहसा कुणी लक्षात घेत नाही. गप्प राहून निभावत असेल तर गप्प राहावं. बोलणं भागच असेल, किंवा गप्प राहिल्यानेच संशय येत असेल, तर मग खोटं परवडलं. म्हणजे खोट्याची पाळी शेवटी येते, दरोडेखोर दारात उभा असताना. फोटो टाकणाऱ्याच्या दारात दरोडेखोर नसतो. त्याला गप्प राहायची पूर्ण मुभा असते. ‘ठिकाण मुद्दाम देत नाही’ एवढं लिहिलं की काम भागतं. ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण असंच उघडपणे झाकून ठेवतं.

काहींना हा फरक शब्दांचा खेळ वाटेल. दोन्हीकडे वाचणाऱ्याला पत्ता मिळत नाही, मग काय? माझ्या मते फरक मोठा आहे. ‘सांगत नाही’ असं वाचणाऱ्याला आपल्याला काय माहीत नाही हे कळलेलं असतं. तो विचारू शकतो, थांबू शकतो, पन्नास वर्षांनी दुसरा कुणी ती रिकामी जागा भरू शकतो. भलता पत्ता मिळालेल्याला आपण अंधारात आहोत हेच कळत नाही. मांडवीच्या जागी चिठ्ठी कोरी असती, तरी शोधणाऱ्यांनी जुने पत्ते आधी उघडले असते.

लाकडी पफिन

आणि खुद्द पक्ष्याशी खोटं बोललं तर?

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ईस्टर्न एग रॉक नावाचं खडकाळ बेट आहे. तिथे पफिन असत: काळी पाठ, पांढरं पोट आणि विणीच्या काळात रंगीबेरंगी होणारी जाडजूड चोच. हा पक्षी वर्षाचा बराच काळ उघड्या समुद्रावर काढतो, जमिनीवर येतो तो विणीपुरता. बिळात किंवा खडकांच्या कपारीत एकच अंडं घालतो. मांस, अंडी आणि पिसं यांसाठी माणसांनी त्या बेटावरचे पफिन १८८५ च्या सुमारास संपवले, म्हणजे खानदेशात रानपिंगळ्याची शेवटची नोंद झाली त्याच सुमाराला.

१९७३ मध्ये स्टीफन क्रेस या तरुण संशोधकाने कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पफिनची पिल्लं आणून त्या बेटावर वाढवायला सुरुवात केली. मोठी होऊन ती समुद्रावर गेली. परत येतील का? पफिन थव्याने राहणारा. रिकामं बेट दिसलं तर तो उतरत नाही. म्हणून क्रेसने खडकांवर रंगवलेले लाकडी पफिन उभे केले. पक्षी फसले, उतरले. १९८१ मध्ये तिथे पुन्हा घरटी झाली.

ही फसवणूकच. पण बेटावर लाकडी पक्षी आहेत हे क्रेसने कुठल्या माणसापासून लपवलं नाही. त्याच्या नोंदींत लाकूड हे लाकूडच आहे. आणि फसून पफिनला मिळालं ते त्याचं स्वतःचं हरवलेलं घर. आता मोबाइलवर रानपिंगळ्याची हाक वाजवणारा बघा. नर धावून येतो, नसलेल्या शत्रूशी भांडायला, मादीसाठी शिकार आणायची सोडून. फसतो तोही. त्याला काय मिळतं? फोटो आपल्याला मिळतो. खोट्याची किंमत एकाने भरायची आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा, हीच माइनरट्झहागनची पद्धत होती.

खरं सांगण्याचा खर्च

किंमत कोण भरतो, हा प्रश्न खोट्याला विचारला तसा खऱ्यालाही विचारायला हवा.

रानपिंगळा दाट जंगलाच्या पोटात नव्हे, तर विरळ रानात आणि रानाच्या कडेला राहतो. त्या कडेलाच पावरा आणि भिल्ल कुटुंबांची शेतं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाऱ्यांना दावा करायचा हक्क दिला. त्याच कायद्यात वन्यजीवांसाठी राखून ठेवायच्या अधिवासांचीही तरतूद आहे. आता समजा, एखाद्या पावरा शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडात रानपिंगळ्याची ढोली आहे. त्याने सांगितलं तर पक्षीप्रेमी खूश होतील, संशोधकाचा पेपर होईल. पण ‘दुर्मीळ पक्षी आहे, इथे शेती नको’ असं उद्या कुणी म्हणालं तर? ती भीती खरी ठरो न ठरो, ती त्याची एकट्याची आहे. आमच्यापैकी कुणाचीही जमीन त्या ढोलीमागे अडकलेली नाही.

तो गप्प बसला तर मी त्याला अप्रामाणिक म्हणणार नाही. ज्याला खरं हवं आहे त्याने आधी खरं सांगणं परवडेल अशी व्यवस्था करावी. त्याची शेती सुरक्षित आहे हे लेखी हातात द्यावं, ढोलीच्या राखणीत त्याला वाटेकरी करावं, आणि नोंदीत त्याचं नाव घालावं. शास्त्राने पक्षी १९९७ मध्ये पुन्हा शोधला म्हणतात तेव्हा त्या रानात रोज गुरं चारणाऱ्यांनी त्याला उन्हात बसलेलं पाहिलं नसेल, असं मानणं अवघड आहे. डेव्हिडसनचं नाव चिठ्ठीवरून फाडलं गेलं, याचा आपल्याला राग येतो. ज्यांचं नाव कुठल्या चिठ्ठीवर कधी आलंच नाही, त्यांच्याबद्दलही काहीतरी वाटायला हवं.

चिठ्ठ्या आता फक्त दोऱ्यानेच बांधत नाहीत. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोला तारीख, आणि सोय चालू असेल तर ठिकाणही, आपोआप चिकटतं. तुम्ही रोज डझनभर चिठ्ठ्या लिहिता, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या खऱ्या समजून वाचणार आहे. पत्ता द्या, किंवा देत नाही म्हणून सांगा. तो पक्षी कुणाच्या बांधावर दिसला असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. शहाद्याजवळ एका सकाळी रानपिंगळा पुन्हा दिसला, कारण शंभरावर वर्षांपूर्वी कुणीतरी एका चिठ्ठीवर गावाचं नाव नीट लिहून ठेवलं होतं.